झाकण

परदेशातून येणाऱ्या नव्या औषधांच्या, उपकरणांच्या परवान्याची फाइल तयार करणं, हे तिचं काम. बावीस वर्षं एकाच कंपनीत. सगळे तिला फाइलताई म्हणत. तिची एक खोड होती. सही करण्याआधी नमुना घरी न्यायचा आणि आईच्या हातात द्यायचा. आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, जीभ मात्र शाबूत.

या खेपेला इन्सुलिनचं नवं पेन होतं. आईने झाकणाशी पंधरा मिनिटं झटापट केली आणि वैतागून म्हणाली, "हे उघडेपर्यंत मी वर पोचेन गं!"

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाशी येऊन उभे. "कागद सगळे पूर्ण आहेत. मग घोडं कुठे पेंड खातंय?"

"झाकणापाशी."

"अहो, चाचणीत तीस जणांनी उघडलंय ते!"

"आपल्याच ऑफिसातल्या धडधाकट पोरांनी."

"तुमच्या एका आईसाठी देशभरची विक्री थांबवू?"

तिचा पारा चढला. "देशभर माझ्या आईसारखीच बोटं आहेत, साहेब. मधुमेह कागदांना होत नाही."

"मला अक्कल शिकवू नका. आत्ताच्या आत्ता सही हवी, नाहीतर दुसरी नोकरी बघा!"

तिने फाइल पुढे ओढली. 'वृद्ध रुग्णांना सहज वापरता येते का?' या प्रश्नापुढे ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि फाइल साहेबांपुढे सरकवली.

"घ्या. सही हवी होती ना?"