गव्हाणची अक्षत

'अगत्य' या शब्दावर माझा जुना राग. कोशात पाहावं तर त्याचा पहिला अर्थ गरज, निकड. मुळाशी 'गति' नाकारलेली, म्हणजे दुसरी वाटच नाही. असला नाइलाजाचा शब्द पाहुणचाराच्या उबेपर्यंत पोचला कसा, हे मला काही केल्या पटत नसे.

मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच लिहिली. 'अगत्य येण्याचे करावे' हे रिवाज म्हणून ठेवलं आणि पत्रिका सगळ्यांना मोबाईलवर पाठवून मोकळी झाले. आम्ही नागपूरहून पनवेलजवळच्या रोडपालीत नवे. नातेवाईक थेट लग्नालाच पोचणार होते. पोरीची हळद रिकाम्या घरात होणार, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या, जवळच्याच गव्हाण गावच्या बाईंनी एकदा पाटी उतरवली ती घुश्शातच.

"पत्रिका मिळाली ना?" मी विचारलं.

"मोबाईलवरचं बोलावनं आमी धरत नाय, ताई. उंबऱ्याशी येऊन हळदीची अक्षत द्या. आनि माज्या एकटीला नाय, शेजारच्या सगल्या घरांना."

ओळख ना देख, त्यांना कसं बोलवायचं? पण बाई ऐकतात थोड्याच! रविवारी मला हाताला धरून गव्हाणात दारोदार फिरवलं. प्रत्येक दारात अक्षत, कुंकू आणि चहा. मला चहा सोसत नाही. पण नको म्हटलं की लगेच, "आमच्याकरचा चालत नाय का?" मुकाट्याने कप तोंडाला लावायचा, दुसरी वाटच नाही. शेवटच्या घरात मला हसूच फुटलं. कोश वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता पोटात गेलं होतं.

हळदीच्या दुपारी मात्र घर शांत. मुलगी पाटावर बसलेली, मी हळदीची वाटी घेऊन दारात उभी. बोलावणं वेगळं आणि येणं वेगळं, उगाच आस लावली, असं वाटायला लागलं. एवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि जिन्यातून गाणं वर येऊ लागलं. बघता बघता घर बायकांनी भरून गेलं. चपला ठेवायला जागा उरली नाही.

बाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"ताई, पोरीची आई तुमी. जा, तिच्याजवल बसा आनि रडून घ्या. बाकीचा आमी बघतो."

इतके दिवस रडायलाही कोणाचा आधार नव्हता. मी पोरीला जवळ घेतलं आणि पोटभर रडले.