सासऱ्यांचं नाव फळ्यावर

नोकरीसाठी इंग्रजीचा एक तास घेऊन दाखवायचा होता. नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब वेगवेगळे कसे ओळखायचे, एवढंच शिकवायचं होतं. ते मला येत होतं. भीती होती ती मागच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या कमिटीची. तलवाड्यातली ही शाळा नवीन, आणि तिच्या कमिटीत माझे सासरे. गावात त्यांचं किराणा दुकान. त्यांनी आधीच बजावलं होतं, "एकडाव बगू. न्हाई जमलं तर गुमान दुकानात बसायचं."

खडू घेऊन वर्गात शिरले. वस्तूचं, गावाचं, माणसाचं नाव म्हणजे नाउन, असं सांगून मी म्हटलं, "माणसाचं एक नाव सांगा बरं." पहिल्या बाकावरची मुलगी उठली. रोज आमच्या दुकानात येणारी. तिनं खणखणीत आवाजात दुकानाच्या पाटीवरचं माझ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं.

नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेता येतं, सासऱ्यांचं तेवढंही नाही. त्याच नावाचा दुसरा कुणी भेटला तरी आम्ही सुना त्याला 'मामांच्या नावाचे' म्हणतो. कमिटीचे अध्यक्ष हसत म्हणाले, "लिवा की मॅडम फळ्यावर. वाक्य करा त्याचं."

दुसरं नाव मागितलं असतं तर सुटले असते. पण मुलगी अजून उभीच होती, तिला वाटलं असतं आपलं चुकलं. मी लिहिलं. मग विचारलं, माणूस कसा आहे? वर्ग एका सुरात म्हणाला, "अँग्री." तो बोलतो कसा? "लाउडली." सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत. मुलांना वाक्य म्हणायला लावायचं तर आधी मलाच ते मोठ्यानं म्हणणं भाग होतं. डोळे मिटले आणि म्हटलं, नावासकट. मागं खुर्ची सरकली. डोळे उघडले तर सासरे निघून गेले होते.

अध्यक्षांनी सोमवारपासून यायला सांगितलं, पण घरचा होकार नसेल तर तो सोमवार काय कामाचा. मी दुकानासमोर आले. सासरे गल्ल्यावर एकटेच बसले होते. पदर सावरून म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

साखरेच्या पोत्याकडे बघत ते म्हणाले, "शाळंत काय म्हणलीस, ते परत म्हण."

मी मान खाली घातली.

"म्हण की. समदे अण्णा म्हणतेत, न्हाईतर मामा. माय गेल्यापासून घरात माझं नाव कुणी घेतलंच न्हाई."

वर्गात निघालेला शब्द इथं काही केल्या निघेना.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सोमवारी टायमावर जा."