देवमन दफ्तरी आणि बाहेर राहिलेली फाईल

एकोणीसशे अठ्ठावन्न साली अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत देवमन दफ्तरी होता. दफ्तरी म्हणजे फायलींच्या खोलीचा धनी, पगार सोडला तर सगळ्या बाबतीत साहेबाहून मोठा.

ती खोली उघडायची तर साहेबांच्या सहीची चिठ्ठी हवी, आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवलेल्या त्याच खोलीत! हा नियम करणारा भला माणूस पेन्शन घेऊन सुखात असेल, घोडं अडायचं ते देवमनचं. म्हणून सही झालेली एक चिठ्ठी तो कायम टोपीत ठेवी. तिच्यावर कुलूप निघे, आतून कोरी चिठ्ठी येई, तिच्यावर साहेब सही करत आणि ती उद्यासाठी टोपीत जाई. मग देवमन यादी उघडून फायली काढी आणि ज्याची त्याला देई. तोवर अख्खी कचेरी हातावर हात ठेवून बसलेली. साहेबसुद्धा रिकाम्या टेबलामागे नवरदेवासारखे गुमान बसत.

खोली बंद करणं त्याहून अवघड. बाहेर गेलेली प्रत्येक फाईल जागेवर आल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, आणि कुलूप लावल्याशिवाय दफ्तरीने हलायचं नाही.

अशात शकुनचं, त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, लग्न ठरलं. तेल्हाऱ्याला, वराच्या घरी, गोरज मुहूर्तावर. देवमनने रजेचा अर्ज दिला. गोपाळकृष्ण साहेब मनाने लोणी. रजा मंजूर करायला त्यांनी देवमनची नोकरीची फाईल मागवली, बॅगेत टाकली आणि लग्नाच्या दिवशी सकाळीच जीपने धारणीला दौऱ्यावर निघून गेले.

दुपारी सगळ्या फायली परत आल्या, ती एक सोडून.

"जाय ना बाप्पा, पोरीचं लगन हाये!" हेडक्लार्क किसनराव म्हणाले.

"कसा जाऊ? फाईल बाहीर हाये."

"कोनाची?"

"माह्यी."

"तू तं इथंच हायेस!"

"मी हावो. फाईल नाई."

तेल्हाऱ्याची मोटार सुटायला आली. पोर मांडवात आणि बाप कुलपापाशी! मग त्याला खात्याची रीत आठवली. फाईल रद्द करायची तर ती कोणी फाडत बसत नसे, यादीतलं नाव खोडलं की झालं. कागद कुठेही पडलेले असोत, यादीत नाही म्हणजे नाही. देवमनने दौत ओढली आणि स्वतःच्या नावावर काट मारली. आता एकही फाईल बाहेर नव्हती. त्याने कुलूप ठोकलं आणि धावत मोटार गाठली.

अक्षता पडल्या तेव्हा देवमन पोटभर रडला. पंगत बसत होती, तेवढ्यात धुळीने माखलेले साहेब जीपमधून उतरले. काखोटीला फाईल.

"देवमन, झाली बघा रजा मंजूर! ही घ्या."

"नाई घेता येत, साहेब. यादीत नाई."

"अहो, तुमचीच आहे!"

"असन. पन त्या नावाचा मानूस आपल्या कचेरीत नाई."

साहेब मटकन सतरंजीवर बसले. "मग उद्या कचेरी कोण उघडणार?"

"काय माईत! तुमी पयले जेवा," म्हणत देवमनने त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली आणि दोन लाडू जास्तच वाढले.

देवमन परत निघाला तेव्हा शकुन पाया पडली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, तुमाले तं कवाच रजा भेटत नाई. मले पाहाले कवा येसान?"

"तू म्हनशीन तवा," देवमन म्हणाला.