फेन्नाचा कॉम्प्युटर कुणाची वाट बघत होता

एप्पो लुर्त्सेमाला त्याची बायको रूली 'पण-का' म्हणायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी माणसाची खोड काही गेली नव्हती. शेजारणीच्या दारावरची घंटा कुणी न दाबताच वाजते म्हटल्यावर हा बाबा लागोपाठ तीन रविवार तिच्या पायरीवर वही घेऊन बसला. शेवटी कळलं, मागच्या गल्लीतल्या दंतवैद्याने अगदी तसलीच बिनतारी घंटा लावली होती.

"अरे, मी सरळ नवी घंटा आणली असती!" शेजारीण म्हणाली.

"आणली असतीस गं. पण ही का वाजत होती ते नसतं ना कळलं!"

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नोकरीत अशा माणसाचं कसं व्हायचं? बाकीचे दिवसाला सहा कामं उरकत, हा दोन. म्हणून ज्या कामापुढे सगळ्यांनी हात टेकलेत, तेवढंच कंपनी त्याच्या गळ्यात मारायची. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी तो विन्सखोटेन गावाच्या पुढे, चर आणि पंप सांभाळणाऱ्या पाण्याच्या कार्यालयात पोचला, तो अशाच एका कामासाठी.

दारातच तिथले साहेब भेटले. डिडेरिक, वय छत्तीस, उत्रेख्त शहरातून दीड वर्षापूर्वी बदलून आलेला. "हे बघ एप्पो, तुझ्या आधी तिघं येऊन गेले. केबल बदलली, आतलं नेटवर्कचं कार्ड बदललं, भिंतीतलं सॉकेट बदललं. कॉम्प्युटर वर्कशॉपला नेला तर दिवसभर घोड्यासारखा पळाला. इथे फेन्नापुढे ठेवला की हँग. आता मला सांग, दोष कुणाचा?"

"अजून माहीत नाही," एप्पो म्हणाला.

"मला माहीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं." डिडेरिकने कोटाच्या खिशातून पांढऱ्या पाकिटाचं टोक दाखवलं. "आज चारला ही बदली तिच्या हातात देतोय. सोमवारपासून मुख्य कार्यालयाच्या तळघरात, जुन्या फायली लावायला. मलाही वाईट वाटतं रे, पण पाच महिने झाले! शेतकऱ्यांच्या तक्रारी ती कागदावर लिहून घेते आणि दुसऱ्याला टाईप कराव्या लागतात."

डिडेरिक मनाने वाईट नव्हता हो. पण नव्या साहेबाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर आधीच ठाऊक असतं, तसं त्याचं होतं.

फेन्ना वोल्टहाउस खिडकीपाशी बसायची. पासष्ट वर्षांची, ताठ पाठीची. कुणाच्या चरात पाणी तुंबलं, कुठल्या पंपाने मान टाकली, हे आधी तिच्या फोनवर यायचं. चाळीस वर्षांत तिने आवाजावरून शेतकरी ओळखला नाही असं झालं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं तिला ह्याच खुर्चीत हवी होती.

"मोई," एप्पो म्हणाला. तिकडे सकाळ-संध्याकाळ, सुखात-दुःखात तेवढंच म्हणतात.

"मोई. मी कॉफीला जाते. तुमच्यातले सगळे मला कॉफीलाच पाठवतात."

"छे छे, तू बस. तू नेहमीचं काम कर, मी नुसता बघतो."

फेन्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पाच महिन्यांत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

एप्पोने केबल काढली. कॉम्प्युटर छान चालला. केबल लावली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं, फेन्नाने टाईप केलेलं अक्षर उमटेना. एप्पोने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि वहीत लिहीत बसला. पावणेदोन मिनिटांनी अडकलेली सगळी अक्षरं एकदम धावत आली. घटकाभर बरं चाललं, की पुन्हा तेच. पुन्हा पावणेदोन मिनिटं, ना सेकंद कमी ना जास्त.

एप्पोचे डोळे लकाकले. "हा बिघडलेला नाही बरं का!"

"मग काय झोपा काढतो?"

"वाट बघतोय कुणाची तरी. बिघडलेला केव्हाही थांबतो, हा मोजून थांबतो. फोन मेलेला असला तर तू कानाला लावून बसशील का? नाही. पण पलीकडे घंटा वाजत असली की बसतेसच ना? केबल नसली की ह्याला कळतं, फोन मेलाय. केबल लावली की हा कुणालातरी हाक मारतो आणि ओ मिळेपर्यंत खोळंबतो."

"कुणाला?"

"तेच तर बघायचंय."

मग तो स्वतःच्या नावाने आणि पासवर्डाने आत गेला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. फेन्नाचा चेहरा पडला.

"म्हणजे माझंच चुकतंय," ती हळूच म्हणाली. "साहेब म्हणतात ते खरं."

"तुझं नाही, तुझ्या नावाखाली काहीतरी आहे! त्या तिघांनी काय केलं असेल सांगू? आपल्याकडे नियम आहे ना, दुसऱ्याच्या नावाने कॉम्प्युटरमध्ये शिरायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण त्या शहाण्यांनी तुला कॉफीला पाठवलं आणि स्वतःच्या नावाने तपासला. चालणारच! तुझ्या नावाने असं काय सुरू होतं, जे माझ्या नावाने होत नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं," फेन्ना म्हणाली.

इतक्यात दहा वाजले आणि नकाशे काढणारा वुब्बो कॉफीचा ट्रे घेऊन आला. एप्पोने सहज विचारलं, "मार्चपासून इथे आणखी काय काय बिघडलंय?"

"बिघडलंय ना!" वुब्बो तावातावाने म्हणाला. "जूनमध्ये माझा वाढदिवस झाला. रीतीप्रमाणे केक मीच आणला. येऊन बघतो तर खुर्चीला एक पताका नाही! एकाने हात मिळवून अभिनंदन केलं नाही. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगायचीसुद्धा लाज वाटली मला."

फेन्ना लाल झाली. "पताका मीच लावायची रे. पण तारखा मला कुठे पाठ? सकाळी कॉम्प्युटरवर एक छोटी चौकट यायची, आज अमक्याचा म्हणून. ती यायची बंद झाली."

एप्पोने कप खाली ठेवला. "ती चौकट कुणी बनवली?"

"हार्मने. पंप बघायचा तो. यादी त्याच्या कॉम्प्युटरवर, खाली पंपघरात. पताका मी लावते म्हणून चौकट फक्त मला दिली होती त्याने." ती थांबली. "फेब्रुवारीत आजारपणात गेला हार्म."

"आणि त्याचा कॉम्प्युटर?"

वुब्बोने डिडेरिकच्या खोलीकडे मान उडवली. "साहेबांनी मार्चमध्ये वीजबचत केली. रिकामा चालतोय म्हणून बंद केला."

एप्पो दोन-दोन पायऱ्या गाळत पंपघरात उतरला. रबरी बुटांच्या रांगेमागे एक धुळकट कॉम्प्युटर होता, वर हिरवी चिठ्ठी: 'अनावश्यक. डि.' त्याने वायर लावली, कळ दाबली आणि धडधडत तो सुरू होईपर्यंत तिथेच बुटांवर बसून राहिला.

वर आला तेव्हा फेन्ना पडद्याकडे टक लावून बसली होती. चौकट उघडली होती. मार्चपासून चुकलेल्या तारखा एकाखाली एक आल्या होत्या, प्रत्येक नावापुढे हार्मचा शेरा. वुब्बोपुढे लिहिलं होतं, 'पताका नसली तर वर्षभर ऐकवेल.' वुब्बो ओशाळून हसला.

आणि त्याच्या वर, चौदा मेपुढे: 'फेन्ना. यंदा तुझ्या खुर्चीला पताका लावायला मी नसेन. दुसऱ्या कुणाला तरी सांग. लाजत बसू नकोस.'

फेन्नाने चष्मा काढला आणि पुसत राहिली. मेमध्ये तिनेही केक आणला होता, सगळ्यांनी खाल्ला होता, आणि ती पताका नसलेल्या खुर्चीत बसून दिवसभर फोन घेत राहिली होती. ती कुणाकडे तक्रार करायला गेली नव्हती.

"पाच महिने," ती म्हणाली, "हा रोज विचारत होता?"

"रोज. आज कुणाचा वाढदिवस म्हणून. खालून उत्तर नाही, म्हणून खोळंबून बसायचा."

डिडेरिक मागे कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही. एप्पोने त्याच्या हातात हिरवी चिठ्ठी दिली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. वर म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतास बघ."

डिडेरिकने चिठ्ठी वाचली. मग पडद्यावरची ओळ वाचली, एकदा, दोनदा. त्याचे कान लाल झाले.

"पताका कुठे असतात?" त्याने विचारलं.

"खालच्या खणात," फेन्ना म्हणाली. डिडेरिकने सगळ्यांना तू म्हणायला लावलं होतं, पण फेन्ना त्याला मुद्दाम तुम्ही म्हणायची. "तुम्हाला कशाला हव्यात?"

तो खणापुढे गुडघ्यांवर बसला. कागदी पताकांचा गुंता झाला होता, तो त्याला सुटेना. एक फाटलीसुद्धा. वुब्बो मदतीला वाकला तर डिडेरिकने त्याला हाताने थांबवलं. तीन महिने उशिराने, ऑगस्टच्या टळटळीत उन्हात, त्याने ती माळ फेन्नाच्या खुर्चीच्या पाठीला बांधली आणि उठून हात पुढे केला. "अभिनंदन, फेन्ना." मग वुब्बोने तिच्याशी हात मिळवला आणि तिच्या वाढदिवसाबद्दल एप्पोचंही अभिनंदन केलं, तिकडे हजर असलेल्या सगळ्यांचंच करायची रीत आहे.

एप्पोने यादी फेन्नाच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिली. आता त्याला कुणाला हाक मारायची गरज नव्हती. केबल लावली आणि घड्याळ चालू राहिलं.

फेन्नाने यादी वरपासून खालपर्यंत बघितली. "साहेब, तुमचं नाव नाही ह्यात. तारीख सांगा."

"नऊ नोव्हेंबर."

तिने टाईप केलं. अक्षरं भराभर उमटली. मग पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "नोव्हेंबरात मी इथे असणार आहे ना? नाहीतर पताका कोण लावेल?"

डिडेरिकने खिशातलं पाकीट काढलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि मुठीत दाबून धरलं.

"असणार," तो म्हणाला.

"मग केक सफरचंदाचा आणा," फेन्ना म्हणाली आणि वाजणारा फोन उचलला.