लग्न झालं, म्हणून मी आता निराधार नाही म्हणे

सोमवारी तहसील कार्यालयात हयातीचा दाखला द्यायला गेले होते. मी अजून जिवंत आहे हे दरवर्षी दाखवावं लागतं, तरच निराधारचा पगार चालू राहतो. पगार आपण म्हणतो… आहे ते सरकारी अनुदान.

नवीन मंडळींसाठी सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. पडेगावात भाड्याच्या घरात साड्यांचं फॉल-पिको करते. यंदा बोअर आटलाय. चहूबाजूंनी नव्या बिल्डिंगा उठतायत, पण आमच्या गल्लीत टँकर कोपऱ्यापर्यंतच येतो. कुबडी धरून हंडा उचलता येत नाही, म्हणून शेजारच्या ताईंना पैसे देऊन पाणी भरून घेते. ते पैसे या अनुदानातले.

आणि दिवाळीनंतर माझं लग्न झालं! अडतिसाव्या वर्षी… नातेवाइकांनी आशा सोडल्यावर. माझ्या नवऱ्याचा, सुधाकरचा उजवा हात कंपनीत प्रेस मशीनखाली गेला. आता तो चितेगावला एका गोडाऊनवर कंत्राटी वॉचमन आहे. टँकर येतो तेव्हा तो ड्युटीवर असतो. सोमवारी माझ्यासाठी त्यानं सुट्टी टाकली होती.

तो रिक्षाचे पैसे द्यायला मागे थांबला आणि मी आत बाकावर बसले. शेजारी एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची, एक पाय गुडघ्यापासून नाही. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं आणि कानाशी आली.

"ताई, हे मंगळसूत्र काढून ठेवा आधी. आत इचारतेत लग्न झालंय का म्हणून. मी तर पर्समंदीच ठेवते."

मला हसू आलं. मग तिच्या गळ्याकडे लक्ष गेलं… तिथं मण्यांची पुसट खूण होती.

खोटं कशाला सांगू, माझाही हात गळ्याकडे गेला. तेवढ्यात सुधाकर आला. काय चाललंय ते त्याला कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "काढ… पाणी भरायचंय आपल्याला."

त्याचा तो आवाज ऐकला आणि माझा हात खाली आला. नाही काढलं.

खिडकीतले साहेब चांगले होते, उगाच कशाला बोल लावू. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी नवऱ्याचं उत्पन्न विचारलं आणि मान हलवली. मर्यादेच्या वर जातंय. मग हसून म्हणाले, "ताई, आता तुम्ही निराधार कुठं राहिलात? आधार मिळाला की तुम्हाला!"

अभिनंदन केल्यासारखं म्हणाले हो… माझं डोकंच फिरलं.

"साहेब, लग्नानं मला पाय फुटला नाही. टँकरवर पाणी आणायला हा चितेगावहून एका हातानं हंडा घेऊन पळत येणार का?"

साहेब खाली बघत म्हणाले, नियम मी नाही केला. मग आवाज बारीक करून म्हणाले, "वेगळे राहता असं दाखवा ना. बरेच जण तसंच करतात."

म्हणजे नवरा घरात असताना नाही म्हणून लिहून द्यायचं! मी म्हटलं, आहे ते लिहा. त्यांनी लिहिलं. अनुदान बंद.

बाहेर पायऱ्यांवर ती बाई भेटली. तिचं काम झालं होतं. मला वाटलं, शाबासकी देईल.

"लई भारी बोललात," ती म्हणाली. "पण तुम्हाला शिवणकाम तरी हाय. मला खरं बोलणं परवडत नाय, ताई." आणि पर्समधून मंगळसूत्र काढून तिनं तिथंच गळ्यात घातलं. क्रांती चौकाकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला आणि गेली.

तिला खोटारडी म्हणायची माझी हिंमत नाही. कुणीच म्हणू नये. आमच्यासारख्यांचे सामूहिक विवाह होतात तेव्हा अक्षता टाकायला स्टेजवर किती गर्दी असते! 'दिव्यांग' म्हणून गौरव होतो, फोटो निघतात. आणि दुसऱ्या दिवसापासून तेच लग्न आम्ही चोरीच्या मालासारखं लपवायचं? धडधाकट बाईला लग्न केलंस म्हणून काय गमावलंस, असं कुणी विचारतं का?

काल शेजारच्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नेहमीसारखी कळशी उचलली आणि म्हणाल्या, "पैशाचं बघू गं नंतर."

त्यांचे मनापासून आभार… पण माझ्या घरातलं पाणी कुणाच्या चांगुलपणावर चालावं, याचा संताप येतो. तो मात्र मी आवरणार नाही.