तेलाचे तीन हात

थळचा हिरामण कोळी होडी सोडून चित्रांच्या राखणीला लागला, तेव्हा गावाला वर्षभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. वल्हं मारून तळहाताला घट्टे पडलेला चाळिशीचा गडी आता खाकी कोट घालून खुर्चीवर बसणार, आणि राखणार काय, तर भिंतीवर टांगलेली चित्रं. ती काय रात्रीची पळून जाणार आहेत का, असं धक्क्यावर रोज कुणी ना कुणी विचारी. हिरामण हसून म्हणे, "एक बाय गेली ना. आता उरली तिला राखतो."

यातला अर्धा विनोद होता, अर्धा नव्हता. त्याची बायको राही पन्नास साली तापाने गेली. चार दिवसांचा ताप. तिचा फोटो म्हणून कुणी काढला नव्हता. थळच्या कोळणीचा फोटो काढायचा तर तिने आधी मंत्री तरी व्हायला हवं होतं. पण ती गेली त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईचा एक चित्रकार किहीमला मुक्कामाला आला होता. थळच्या बंदरावरच्या जुन्या जकात कोठीच्या पायरीवर राही बोंबलांची पाटी घेऊन बसलेली त्याला दिसली आणि तो समोर चित्राचं तिकाटणं मांडून बसला. राहीने आधी पाटी त्याच्या गळ्यात मारली, मग तोंड न हलवायचं कबूल करून बसली. तीन दिवस ती त्याच्याशी बोलत होती आणि तो तिला गप्प बस म्हणून विनवत होता. चित्रात तिचं तोंड किंचित उघडं आहे ते त्यामुळे.

त्रेपन्न साली कुलाबा जिल्ह्यातल्या काही भल्या माणसांनी मंडळ काढलं आणि त्याच जकात कोठीत कलादालन उघडलं. कोठी दोनशे वर्षांची, भिंती हातभर रुंद. मध्ये बरीच वर्षं तिथे उरणचं मीठ साठवत, ते भिंतींनी पोटभर पिऊन घेतलेलं. पावसाळा आला की भिंतींना खारा घाम फुटे. चित्रं अकरा. एक देणगीदार शेटजी पगडीसकट, काही डोंगर, काही गलबतं, आणि नवव्या नंबरला 'कोळीण'. ती राही होती, हे मंडळाला ठाऊक नव्हतं. हिरामणनेही सांगितलं नाही. आपल्या बायकोकडे आपण दिवसभर बघत बसतो, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे काय!

दालन तो फार झोकात दाखवी. गलबताच्या चित्रापाशी शाळेच्या मुलांना थांबवून सांगे, की शीड वाऱ्याच्या उलट फुगलंय, हे गलबत किहीमपर्यंतसुद्धा पोचत नाही. शेटजींपाशी पगडी काढल्यासारखं करी. नवव्या नंबरपाशी मात्र एवढंच म्हणे, "ही थलची हाय," आणि पुढे जाई.

छप्पन्नच्या पावसात राहीच्या गालावर पांढरी बुरशी आली. आधी तांदळाच्या दाण्याएवढी, पोळ्यापर्यंत रुपयाएवढी. मंडळाचे चिटणीस दत्तात्रेयपंत हे निवृत्त हेडक्लार्क, मनाने लोणी. हिरामणने त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा अर्ज लिहून घेतला आणि सभेपुढे ठेवला. सभेला एकदा माणसं कमी पडली, एकदा शेटजींच्या चिरंजीवांचं भाषण जास्त झालं आणि तिसऱ्यांदा बुरशी 'विचाराधीन' झाली. ती बिचारी विचारात न पडता हनुवटीपर्यंत उतरली.

आता हिरामणला लाकूड, पाणी आणि ओल यांच्याबद्दल एक गोष्ट बापापासून ठाऊक होती. पावसाच्या आधी होड्या वर ओढल्या की त्यांना मुशी माशाचं तेल चोळायचं. मुशीच्या काळजापासून कढवलेलं, वासाने माणूस दोन पावलं मागे सरणारं तेल. ते प्यायलेल्या लाकडाला ना ओल लागते, ना कीड. हिरामणच्या बापाची होडी त्या तेलावर तीस वर्षं चालली होती. कोठीतल्या चित्रांना कुणी तेल पाजत नाही, मग ती सडणार नाहीत तर काय होणार?

सत्तावन्नच्या मे महिन्यात, दालन बंद असायचं त्या सोमवारी, तो डबा घेऊन आला. बुरशी मऊ फडक्याने पुसली आणि राहीला पहिला हात दिला. आणि काय सांगावं! ओल्या शंखासारखे रंग उजळले. लुगड्याचा तांबडा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. तिच्या की त्याच्या, कुणी पाहिलं नाही. मग बाकीच्या दहाही चित्रांना त्याने एकेक हात दिला. शेटजींना टाळलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. दत्तात्रेयपंत नाकाला उपरणं लावून आले, पण चकाकी बघून खूश झाले. शेरेबुकात त्यांनी 'स्वच्छता वाखाणण्याजोगी' असं लिहिलं. हिरामणला हुरूप आला. होडीला एक हात पुरतो, पण ही काय होडी होती? पावसाच्या तोंडावर राहीला दुसरा हात मिळाला, गणपतीत तिसरा. ते दोन्ही फक्त तिलाच.

आधी मांजरं आली. मग चिलटं आली, धूळ आली, समईची काजळी येऊन चिकटली. दिवाळीपर्यंत एक हातवाली दहा चित्रं चहाच्या रंगाची झाली. शेटजी उन्हात राबून आल्यासारखे दिसू लागले, एवढंच. नववा नंबर मात्र तव्याच्या बुडासारखा काळा झाला. तिथे कोळीण होती हे खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून समजायचं.

मुंबईहून एक जाणकार बोलावले गेले. त्यांनी कुठल्याशा अर्कात कापूस भिजवून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात हलकेच फिरवला. काळा थर निघाला, त्याच्याबरोबर खालचा रंगही निघाला. कापसावर तांबडं आलं. ते लुगड्याचं होतं. जाणकारांनी दुसरा बोळा उचलला, तेव्हा हिरामणने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या सायेब. तिला आनकी खरवडू नका."

दत्तात्रेयपंतांनी मान वर करून पाहिलं. तीस वर्षं कचेरीत काढली तरी माणूस बुद्दू नव्हता. "हिरामण," ते हळू म्हणाले, "ही कोण रे?"

त्याने सांगितलं. पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि खिशातून ते तिन्ही अर्ज निघतील की काय अशा भीतीने कोटाची बटणं लावली. नोकरीवरून काढायची गोष्ट कुणी काढली नाही. काढली असती तर हिरामणला थोडं बरं वाटलं असतं.

पण खरी गोष्ट त्याला चार दिवसांनी कळली. तोंड धुताना राहीचा चेहरा आठवून बघावा म्हणून त्याने डोळे मिटले, आणि समोर आला तो काळा चौकोन. पाटी आठवे, लुगडं आठवे, हसताना ती पदर तोंडाशी नेई तेही आठवे. पदरामागे मात्र काही नव्हतं. चार वर्षं चेहरा सांभाळायचं काम त्याने भिंतीवर सोपवलं होतं आणि स्वतः मोकळा झाला होता.

कोट अंगात चढवून तो बहिणीच्या ओट्यावर गेला. केसर सुके बोंबील निवडत होती.

"केसर, राही दिसाया कशी व्हती गं?"

केसरने वर न बघताच म्हटलं, "कशी व्हती म्हंजे? चार बायांसारखी व्हती." मग एक किडका बोंबील बाजूला टाकत ती म्हणाली, "आन मना कशाला इचारतोस? तुज्याकडं चित्तर हाय ना तिचं? जा, बघ जा."

हिरामण ओट्यावरून उतरला. मग दालन उघडायची वेळ झाली होती म्हणून गेला.