मेलेल्या जमीनदाराची भूमिका

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मोठेबाबांचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मला त्यांनीच नेऊन घातलं. पण नोकरीच्या वेळी कामी आलं ते त्यांचं नाटक.

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. कंपनी बाहेरची, पैसे गावाचे. एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष म्हणून मोठेबाबांनी कंपनीच्या मालकाला अट घातली, की एक भूमिका आमच्या गावाला द्यायची. मालक लगेच हो म्हणाला आणि मेलेल्या जमीनदाराची भूमिका दिली. ती मोठेबाबांनीच केली. ते चादरीखाली निजलेले, नायिका ऊर बडवून रडतेय, तेवढ्यात प्रेक्षकांतून त्यांची बायको, आमची मोठी आई, ओरडली, "अवो, पाय झाका ना, थंडी वाजन!"

मेलेल्या जमीनदाराने पाय आत ओढले.

दुसऱ्या वर्षी मोठेबाबांनी पुन्हा अट घातली, तेव्हा मालक म्हणाला, "काऊन भाऊ, भूमिका देल्ली होती ना?"

"मेलेला माणूस तं आमच्या इथी फुकट भेटते. औंदा बोलणारा पाहिजे. आन् चेहरे रंगवाचं काम गावात कोणाले तरी शिकवून जा."

ते काम मोठी आई शिकली. आता तिला आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणं येतं.

पुढे नागपूरला एका संस्थेत मुलाखत होती. विषय होता संरक्षण खरेदीतले ऑफसेट करार. आपण परदेशी कंपनीकडून विमानं घेतली, की तिने त्या किमतीचा ठरलेला हिस्सा इथल्या कारखान्यांत आणायचा, इथल्या लोकांना कसब शिकवायचं. व्याख्या मला तोंडपाठ होती. पण समोरच्या मॅडमनी विचारलं, "अट पाळली गेली आणि तरी देशाच्या हाती काही लागलं नाही, असं कधी होतं?"

सगळं पाठांतर उडालं. तोंडातून निघालं, "आम्हाला मेलेल्या माणसाची भूमिका मिळाली होती, मॅडम."

मग सगळंच सांगावं लागलं, पायांसकट. शेजारच्या साहेबांना हसून ठसका लागला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "दुसऱ्या वर्षी मालकाने भाव वाढवला का?"

"माहीत नाही, मॅडम."

नोकरी गेली असं समजूनच बाहेर पडलो. निकाल आल्यावर मोठेबाबांना फोन न करता पत्र लिहिलं. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी मोठी आई.

"मोठेबाबा, पाया पडतो.

मले नोकरी लागली. पहिलं काम हेच देल्लं, का अट घातली तं विकणारा भाव वाढवते काय, ते पाहाचं. तं सुरुवात तुमच्यापासून. त्या साली मालकानं भाव वाढवला होता काय? वाढवला असंन तं वरचे पैसे कुठून आणले?

त्याच साली मोठ्या आईची काळी बकरी वाघानं नेली, असं तुमी सांगतलं होतं. वाघानंच नेली ना?"